कवडशांची भिंत

फट एकच उरली होती आणि भाऊ दोन होते.

आप्पा आणि हणमंतकाका यांच्यात त्यावरून कित्येक वर्षं थट्टा चालायची. संध्याकाळी सड्यावर फिरायला गेले की दोघं भिंतीतल्या त्या फटीपाशी टेकायचे. "जो आधी जाईल त्याची," आप्पा म्हणायचे. "मग तुमचीच की," काका म्हणायचे, "थोरलं कोण हाय?" त्यावर आप्पा म्हणायचे, की शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाला यम पटकन नेत नाही, रस्ता विचारत बसतो. भाद्रपदाच्या तोंडावर एका पहाटे आप्पा झोपेतच गेले. त्यांची मुलगी शर्वाणी पुण्याहून पोचली, तेव्हा काका ओट्यावर बसले होते. तिला पाहून त्यांनी एवढंच म्हटलं, "जिंकला गं दादा."

शर्वाणी एकुलती. अग्नी तिनेच दिला. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन ती चितेभोवती फिरली, तेव्हा मागून काकांनी दगडाने मडक्याला भोकं पाडली. तो मुठीएवढा काळा दगड, म्हणजे जीवखडा. दहा दिवस त्यालाच आप्पा समजून पाणी द्यायचं. सगळीकडे हा खडा दहाव्याला नदीत सोडतात. कवडसे घराण्यात तो सोडत नाहीत. सड्यावरच्या भिंतीत, एखाद्या मोकळ्या फटीत बसवतात.

सडा म्हणजे वाडीच्या डोक्यावरचं सपाट कातळी पठार. तिथे वाऱ्याला अडवायला झाड नाही. म्हणूनच तिथे आधी मोठ्या पात्यांच्या पवनचक्क्या आल्या आणि आता त्या उतरवून बिनपात्यांचे, नुसते थरथरणारे खांब उभे केलेत. त्या खांबांच्या अलीकडे ही भिंत. छातीएवढी उंच, एका दगडाच्या जाडीची. ना चुना, ना माती, नुसता दगडावर दगड. पूर्वी म्हणे तिच्यात दगडादगडांमध्ये फटी होत्या. पिढ्यान्‌पिढ्यांच्या जीवखड्यांनी त्या भरत गेल्या. म्हातारे, बाळंतिणी, तापात गेलेली पोरं, मुंबईच्या गिरण्यांत खपलेले, सगळे कवडसे शेवटी इथे परतले. भिंत बांधली कुणी, हे विचारलं तर वाडीत एकच उत्तर मिळायचं: गोऱ्या बाबानं.

गोरा बाबा हा कवडशांचा मूळपुरुष. कंपनी सरकारच्या पलटणीतला कुणी गोलंदाज, तोफा सोडून पळाला, सड्यावर धनगरांनी त्याला लपवलं, वाडीतल्या एका मुलीशी त्याने घर मांडलं, असं सांगत. तो आयर्लंडचा होता, असंही सांगत. आप्पांनी उभा जन्म त्या एका वाक्याचा माग काढण्यात घालवला. पाहुणेरावळे चेष्टा करत. "मास्तर, घारे डोळे म्हणजे काय आयर्लंडचं तिकीट असतं? मग अर्धी सदाशिव पेठ तिकडनंच आली म्हणायची!" आप्पाही हसत. पण आडनावाचं काय? कवडसे हे आडनाव या एका वाडीबाहेर कुठे नाही. कवडस नावाचं गाव असेल म्हणावं, तर कवडसकर झाले असते. अंधाऱ्या घरात कुणी जन्मला असेल, सूर्याची उपासना केली असेल, आप्पांनी सगळे तर्क करून पाहिले. एकही त्यांना स्वतःला पटला नाही.

त्यांच्या हातात पुरावा म्हणावा असा एकच होता. भिंतीच्या मधोमध, दोन मोठ्या दगडांच्या बेचक्यात, आत एक पांढरा गोटा दिसायचा. वाडीत त्याला डोळा म्हणत. तो इथला नाही, आप्पा म्हणायचे. तो काढून बघू या, एवढी एकच गोष्ट त्यांनी धाकट्या भावाकडे आयुष्यभर मागितली, आणि काकांनी आयुष्यभर नाही म्हटलं. भिंतीची राखण काकांकडे होती. "मेलेल्यांच्या अंगावरची चादर वडायची नाय, दादा," एवढंच ते म्हणायचे. आणि आप्पा विषय सोडून द्यायचे.

---

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करून झाल्यावर शर्वाणी एकटीच सड्यावर गेली. वारा कानांत नुसता घोंघावत होता. भिंत तिने वर्षभराने पाहिली आणि ती थबकली. मधला भाग पूर्वेकडे पोट काढून झुकला होता. काकांनी त्याला बाभळीच्या लाकडांचे टेकू दिले होते.

"म्हातारी झाली," मागून काकांचा आवाज आला. ते टेकू तपासायला आले होते. "दोनशे वर्सं उभं ऱ्हाऊन मीबी वाकलो असतो."

"पडेल, काका."

"पडंल म्हणून तर टेकू हायेत."

"तुम्ही आहात तोवर टेकू. मग?"

 काका उरलेल्या एकुलत्या फटीपाशी गेले आणि तिच्यात अडकलेलं वाळकं गवत त्यांनी बोटाने काढलं. मग म्हणाले, "दादा हितं नीट बसंल."

"आणि तुम्ही?"

"माझं काय. मला सोडा नदीत. म्हशी धुतात तितं." ते हसले, पण हसू पुरतं आलं नाही. शर्वाणीला जाणवलं, की हा माणूस मरणाला भीत नाही. आपल्या माणसांच्या रांगेतून वेगळं पडायला भितो आहे.

ती खाली येऊन इंदूकाकीजवळ चुलीपाशी बसली. सुतक म्हणून यंदा घरातला गणपती शेजारच्या मोहित्यांकडे बसला होता. त्यांच्याकडची आरती घराच्या भिंतीपलीकडून ऐकू येत होती आणि काकी ओठांतल्या ओठांत म्हणत होती.

"काकी, गाडीत माझं यंत्र आहे."

"ठावं हाय. आल्यापास्नं बगतीया. इचारू का नको, इचारू का नको, असं चाललंय न्हवं तुझं?" काकीने भाकरी उलटली. "इचार. मी हाय."

---

शर्वाणीच्या यंत्राविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

दगड आणि वाळू यांच्या कणांत बारीक दोष असतात, खिसे म्हणू या हवं तर. भोवतालच्या मातीतून, खडकातून सतत किंचित किरणोत्सर्ग चालू असतो, अगदी निरुपद्रवी. त्याच्या धक्क्याने इलेक्ट्रॉन सुटतात आणि या खिशांत अडकून बसतात. अंधारात असेपर्यंत ते जमत राहतात, रांजणात थेंब थेंब पाणी साठावं तसे. दगडाला ऊन लागलं, की काही मिनिटांत रांजण रिकामा. पुन्हा अंधारात गेला, की पुन्हा पहिल्यापासून भरायला सुरुवात. म्हणून एखादा दगड बांधकामात दडला असेल, तर त्याची दडलेली बाजू अंधारातच बाहेर काढायची, तिच्यावर ठरावीक रंगाचा प्रकाश टाकायचा. अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि सुटताना मंद चमक देतात. चमक किती, ते मोजलं, की रांजण किती भरला होता ते कळतं, आणि त्यावरून दगडाने शेवटचं ऊन कधी पाहिलं, तेही कळतं.

वाळूच्या, गारेच्या म्हणजे क्वार्ट्झच्या दगडांबाबत हे फार पूर्वीपासून जमत होतं. सह्याद्रीचा काळा दगड मात्र मुका समजला जाई. त्याची चमक इतकी क्षीण, की यंत्राच्या स्वतःच्या गुणगुणीत ती बुडून जायची. शर्वाणीच्या प्रयोगशाळेने गेल्या काही वर्षांत ती गुणगुण जवळजवळ शून्यावर आणली आणि काळा दगड बोलू लागला. लेणी, किल्ले, विहिरी, सगळ्यांच्या तारखा नव्याने लागू लागल्या. यंत्र आता लहान पेटीत मावत होतं. लागायचा तो फक्त काळा तंबू आणि शेंदरी दिवा.

एक अडचण होती आणि तिच्यावर उपाय नव्हता. मोजताना दगडातलं साठलेलं सगळं सांडून जातं. वाचला, की तो कोरा होतो.

हेच सगळं तिने त्या दुपारी काकांना सांगितलं. काहीही न लपवता.

काकांनी चुलीतलं लाकूड आत सरकवलं. मग म्हणाले, "म्हंजे अंधार साठवतो आणि उजेड देतो?"

"हो. तसंच म्हणायला हरकत नाही."

"आन एकदा दिला की संपलं."

"संपलं."

"मग नको." ते उठू लागले. "दोनशे वर्सं जपलेलं तू एका दुपारी सांडणार. कशापायी? बाबा आयर्लंडचा होता का अफगाणिस्तानचा, त्यानं माझ्या ज्वारीला काय फरक पडतो?"

"अवो, बसा," काकी म्हणाली. आवाज चढवला नाही, पण काका बसले. "ज्वारीला नाय पडत. दादांना पडायचा. तुम्ही नाय म्हणलं का ते घरला येऊन हितंच बसायचे, ह्याच जागी, आन मला म्हणायचे, इंदू, च्या कर. दुसरं काय बोलायचे नायत. किती येळा च्या केला मी, माहिताय?"

काकांनी मान खाली घातली.

"जित्तेपणी नाय म्हणलात," काकी म्हणाली. "आता कुणाला नाय म्हणताय?"

बाहेर मोहित्यांकडे टाळ थांबले. काका म्हणाले, "डोळा एकच काढायचा. आन त्याच्या वरचा, खालचा दगड. बाकीच्यांना हात लावायचा नाय."

"बाकीच्यांपैकी एक-दोन तरी लागतील, काका. सगळ्यात जुने. तुलनेला."

"मोहित्यांची म्हस बरी तुझ्यापरीस," काका म्हणाले. "ती तरी एकदाच मागती." शर्वाणीने ते हो समजलं.

---

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीच्या झुकलेल्या भागावर काळा तंबू ताणला. वाऱ्याने तो तीनदा उडवला. शेवटी काकांनी चारी टोकांना म्हशीच्या दाव्याने बांधलं. आत शेंदरी दिव्याच्या उजेडात दोघंच. काकांच्या हातात पहार, शर्वाणीच्या हातात काळं फडकं. वरचा दगड काकांनी इतक्या हळू उचलला, की शर्वाणीला लहानपण आठवलं. तापात निजलेली असताना डोक्याखालची उशी ते अशीच सरकवायचे.

पांढरा गोटा तिच्या तळहातावर आला. गुळगुळीत, एका बाजूने किंचित चपटा. लाटांनी घासलेला असावा तसा. काकांनी दिव्याजवळ वाकून पाहिलं, पण हात लावला नाही.

मोजायला दोन दिवस लागले. गोट्याच्या दडलेल्या बाजूचा वरचा पापुद्रा, त्याखालचा थर, वरच्या-खालच्या दगडांची दडलेली तोंडं, आणि डोळ्याला लागून बसलेले, वाडीत सगळ्यात जुने मानले जाणारे दोन जीवखडे. काका मधून मधून तंबूच्या तोंडाशी येऊन विचारत, "बोलला का?" जसं काही आत कुणी दुखणाईत आहे.

पहिल्यांदा बोलले ते मोठे दगड. दोन-चार वर्षं इकडेतिकडे धरली, तर अठराशे दहाच्या आसपासचे. म्हणजे पेशवाई बुडायच्या आधी. गोऱ्या बाबाचा काळ जमत होता.

मग गोटा. त्याने शेवटचं ऊन पाहिलं त्याच सुमाराला. भिंत चढत होती तेव्हाच तो आत बसवला गेला होता. फट ठेवून नंतर कुणी खोचला, असं नव्हतं.

आणि जीवखडे? तिला वाटलं होतं, दहा-वीस वर्षं नंतरचे असतील. त्यांची चमक फारच कमी आली. दोन्ही अठराशे सत्तरच्या मागेपुढचे. पुन्हा मोजता येणार नव्हतं म्हणून तिने गणित पुन्हा केलं. आकडे तेच राहिले.

भिंत उभी राहिली आणि पुढची साठेक वर्षं एकाही कवडशाचा खडा तिच्यात गेला नाही. बाबाचा स्वतःचासुद्धा नाही.

गोटा गारेचा होता; शेवटी तिने त्याच्या आतली खूण पाहिली. गारेच्या कणांत दुसऱ्या खनिजांचे बारीक ठिपके असतात. कुठल्या खडकातून ती गार झिजून आली, हे त्या ठिपक्यांवरून ताडता येतं. जगभरच्या प्रयोगशाळांनी किनाऱ्याकिनाऱ्यावरच्या वाळूच्या अशा खुणा एकत्र जमवल्या आहेत. तिने खूण पाठवली. काकी चहा घेऊन तंबूपर्यंत चढून येईपर्यंत उत्तर आलं होतं. आयर्लंड, पश्चिम किनारा.

शर्वाणीने कप हातात घेतला आणि ती तशीच उभी राहिली. आता कुणाला फोन करायचा, हा एकच विचार तिच्या मनात आला. बातमी हाती आली की तिचं बोट आपोआप ज्या नावाकडे जायचं, ते नाव फोनमध्ये अजून सगळ्यात वर होतं.

"काय गं?" काकी म्हणाली.

"आप्पांचं बरोबर होतं."

काकीने तिच्या पाठीवर हात ठेवला. चहा वाऱ्याने क्षणात गार झाला.

---

काकांनी मात्र दुसराच प्रश्न विचारला. "साठ वर्सं कुणीच नाय? मग बाबानं फटी ठेवल्या कशापायी?"

आणि शर्वाणीला एक जुनी गोष्ट आठवली. आठवली म्हणजे, इतकी वर्षं ती जिथे दुखत होती तिथेच पुन्हा दुखली.

ती एका परिषदेसाठी आयर्लंडला गेली होती. समुद्रकाठच्या एका बेटावर तिने शेतांच्या भिंती पाहिल्या. नुसते दगडावर दगड, एका दगडाची जाडी, आणि जागोजागी फटी. पलीकडची गाय अलीकडून दिसत होती. तिने आनंदाने फोटो पाठवला. आप्पांचा फोन लगेच आला. आवाज उतरलेला होता. "नाही गं, शरू. ही नुसती चाळणी आहे. आपली भिंत बघ, बोट शिरत नाही. तो माणूस दुसऱ्या कुठला तरी असणार." त्यानंतर कुणी विचारलं तर आप्पा म्हणायचे, "काय की, असेल कुठला तरी." भिंत भरलेली त्यांनी जन्मापासून पाहिली होती. फटी म्हणजे खड्यांसाठी राखलेल्या जागा, एवढंच त्यांना ठाऊक होतं. पुरावा त्यांच्या हातात होता आणि तो त्यांच्याच पूर्वजांनी झाकला होता.

ती ते सगळं काकांना सांगत होती. "तिथले लोक म्हणतात, फटी वाऱ्यासाठी असतात. वारा आरपार जातो, म्हणून भिंत उभी राहते. बुजवली तर..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. दोघंही त्या पोट काढलेल्या भागाकडे पाहत होते. सगळ्यात जास्त खडे तिथेच होते, डोळ्याच्या भोवती.

"गायची," काका एकदम म्हणाले.

"काय?"

"भिंत. माझा आजा सांगायचा. त्याच्या आज्याच्या लहानपणी वारं सुटलं का भिंत गायची म्हणं. खाली वाडीपतुर ऐकू यायचं. आमी पोरं हसायचो. भिंत कवा गाती व्हय?" ते टेकूला धरून खाली बसले. "आमीच तिचं तोंड बंद केलं की गं."

काकी रिकामे कप गोळा करत होती. ती थांबून म्हणाली, "पहिल्यांदा एखाद्या आईनं केलं असंल."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"लेकराचा खडा हातात घिऊन नदीवर गेली असंल आन सोडवला नसंल तिला. मग बाबाचा डोळा बगितला असंल. म्हणली असंल, त्यानं त्याचं माणूस हितं ठेवलंय, मग माझंबी ऱ्हाऊ दे." काकीने पदर कमरेला खोचला. "तिचं काय चुकलं? कुणाचंच काय चुकलं नाय. पण आता ठावं झालं, तर आता तसं करायचं नाय."

शर्वाणी त्या पांढऱ्या गोट्याकडे पाहत होती. त्या किनाऱ्यावर थडग्यांवर पांढरे गोटे ठेवलेले तिने पाहिले होते. वीस-बावीस वर्षांचा एक पोरगा पलटणीच्या जहाजात चढताना असा एक गोटा बरोबर घेतो. आईच्या थडग्यावरचा असेल, किंवा आईने दिलेला. इलेक्ट्रॉन ते सांगत नाहीत. पण मोजणीत वरच्या थराखाली आणखी एक पुसट खूण आली होती. भिंतीत जाण्याआधीही हा गोटा काही वर्षं अंधारात होता. पिशवीत असेल, कमरेच्या बटव्यात असेल. तोफांच्या धुरातून, पळापळीतून त्याने तो आणला आणि परत जाता येणार नाही हे ज्या दिवशी नक्की झालं, त्या दिवशी, माणसं जिथे वावरतात तिथे स्वतः रचत असलेल्या भिंतीत ठेवून दिला. मागाहून बुजवलेली फट नव्हती ती. चालू बांधकामातली जागा होती, वर दगड येणार हे ठाऊक असलेली.

आणि मग सकाळी सूर्य वर आला, की त्या चाळणीसारख्या भिंतीतून पलीकडच्या गवतावर किती कवडसे पडत असतील! वाडीतून कुणी वर पाहिलं असेल आणि विचारलं असेल, कुणाचं गं हे गोरं पोर? आणि कुणीतरी हात केला असेल: ते काय, कवडशांच्या तिथलं.

"काका," ती म्हणाली, "हा भाग उतरवू या. पुन्हा बांधू."

"आन खडे?"

"बुडाशी. सगळे. पहिल्या थराखाली, एका रांगेत. कुणालाच बाहेर काढायचं नाही. फक्त वाऱ्याच्या वाटेतून बाजूला."

 काकांनी त्या उरलेल्या एकुलत्या फटीत हात घातला आणि पलीकडे बोटं काढून हलवली. लहान मूल करतं तशी.

"म्हंजे ही कुणाचीच नाय," ते म्हणाले.

"नाही."

"आन माझीबी जागा बुडाशी."

"आप्पांच्या शेजारी."

"मग दादा कशात जिंकला?" काका म्हणाले, आणि आप्पा गेल्यापासून पहिल्यांदा त्यांचे डोळे भरून आले.

---

दहाव्याला ओढ्यावर पिंड झाले. कावळ्याने वेळ लावला नाही. "मास्तर वेळेचे पक्के," भटजी म्हणाले. मग चार भाऊबंदांना घेऊन काका सड्यावर आले.

झुकलेला भाग आधीच उतरवून ठेवला होता. जुने खडे इंदूकाकीने पदराने पुसून एका ओळीत मांडले होते. कुणाचा कोणता, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं, पण काकी प्रत्येकाला दोन्ही हातांनी उचलत होती. ते बुडाशी गेले. मधोमध दोघांसाठी जागा ठेवली होती. पांढरा गोटा आणि त्याच्या शेजारी, पंच्यात बांधलेले आप्पा.

शर्वाणीने पंचा सोडला. काळा दगड एका हातात, पांढरा दुसऱ्या हातात. ती खाली वाकली.

"थांब," काका म्हणाले.

सड्यावर धुकं उतरलं होतं. दहा पावलांवरचं माणूस दिसत नव्हतं.

"ऊन येऊ दे."

"काका, ढगातला उजेडसुद्धा पुरतो. यंत्राला काही फरक पडत..."

"यंत्राला पुरंल. दादाला ऊन पायजे." ते पहारीवर दोन्ही हात टेकून उभे राहिले. "शेवटचं तेच लक्षात ऱ्हातं म्हणलीस न्हवं दगडाच्या? मग धुकं कशाला द्यायचं त्याला? अवो, गडबड कुणाला हाय? बसा सगळी."

सगळे बसले. भटजींनी तंबाखू काढली. वारा धुकं ढकलत होता, नवं आणत होता, पुन्हा ढकलत होता. शर्वाणी दोन्ही दगड ओंजळीत धरून उभी राहिली. ते तिच्या हातांच्या उबेने हळूहळू गरम झाले. प्रयोगशाळेत तिने हजारो दगडांची शेवटची उन्हं मोजली होती. त्या प्रत्येक आकड्यामागे असं कुणीतरी हातात दगड घेऊन उभं होतं, हे तिने आजवर एकदाही मनात आणलं नव्हतं.

मग खांबांच्या बाजूने धुकं फाटलं. ऊन आधी तेरड्याच्या फुलांवर आलं, मग काकांच्या टोपीवर, मग तिच्या ओंजळीत. पांढरा गोटा आतून पेटल्यासारखा दिसला. काळा नुसता काळाच राहिला, पण उबदार. तिने दोघांनाही उलटसुलट करून सगळीकडून ऊन दाखवलं. बाळाला तेल लावताना फिरवतात तसं. ती घाई करत नव्हती आणि कुणी तिला घाई करायला सांगत नव्हतं.

"आप्पा," ती हळूच म्हणाली, "पश्चिम किनारा. तुमचं बरोबर होतं."

तिने दोघांना शेजारी शेजारी ठेवलं. काकांनी वरचा दगड घेतला. चौघे धावले मदतीला, पण त्यांनी कुणालाही हात लावू दिला नाही.

दुपारपर्यंत भिंत पुन्हा छातीएवढी झाली. दगड जिथे एकमेकांना टेकत होते तिथे टेकत होते, बाकी मोकळे. पलीकडे मोहित्यांची म्हैस चरत होती ती अलीकडून दिसत होती, तुकड्यातुकड्यांनी. काकांनी बाजूच्या भागाला लावलेले टेकू काढले.  भिंत हलली नाही. वाऱ्याचा एक झोत आला, दगडांमधून गेला, आणि काहीतरी घुमलं. गाणं म्हणण्याइतकं नव्हतं ते, कुणी झोपेत हुंकार द्यावा तेवढंच. इंदूकाकीने तोंडावर पदर धरला.

सावलीच्या बाजूला, गवतावर, उन्हाचे ठिपके पडले होते. भाऊबंदांतल्या एका म्हाताऱ्याने वाकून त्यांच्यावर हात धरला आणि हाताच्या पाठीवर आलेल्या उजेडाकडे तो पाहत राहिला. बोलला काहीच नाही. बोलण्यासारखं त्याच्या आडनावात होतंच.

निघताना काका मागे रेंगाळले. शर्वाणी त्यांच्यासाठी थांबली. ते भिंतीच्या बुडाशी, आप्पांच्या शेजारची जागा पायाने चाचपून बघत होते.

"शरू, एक लक्षात ठेव."

"काय, काका?"

"मला ठेवशील तवा दुपारचं ठेव. सकाळी हितं फार धुकं असतं."